धक्क्याकडे येणारा ठिपका

"झालं बाबा एकदाचं!" प्रज्योतनं लॅपटॉपसमोरच टाळी वाजवली. फोनवर चारकोपहून दीप्ती होती.

वेसाव्याच्या मच्छीमार बोटी समुद्रात कुठे आहेत ते दाखवणारा 'नाखवा' हा प्रोग्रॅम दोघांनी हौसेनं लिहिला होता. कुणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा. लॅपटॉपवर तो झकास चालायचा. घरबसल्या तपासता यावं म्हणून प्रज्योतनं ठिकाणं पुरवणारी एक नकली लायब्ररी, म्हणजे कोडचा जोडतुकडा, करून तिच्यात वडिलांची, म्हणजे लहूंची, गेल्या वर्षीची एक फेरीसुद्धा भरून ठेवली होती. फोनसाठी तयार करायला घेतला की मात्र एकच रडगाणं: बोटीचं खरं ठिकाण सांगणारी लायब्ररी सापडत नाही. चार दिवस त्यानं डोकं फोडून घेतलं होतं.

"काय केलंस?" दीप्तीनं विचारलं.

"एक ओळ टाकली. लायब्ररी जी मिळेल ती जोडून घे, अडून बसू नकोस. मग एकही एरर नाही, यार!"

"मला आधी बघू दे ना रे."

"संध्याकाळी बघ. लोक थांबलेत."

दुपारपर्यंत त्यानं स्वतःच्या आणि मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी शिवदास यांच्या फोनवर नाखवा टाकलाही. स्वारी खुशीत होती.

तीनला वारा उलटला. पहाटे गेलेल्या बोटी एकेक करून परतल्या, लहूंची तेवढी आली नाही. त्यांचा फोनही लागेना. प्रज्योतची आई पार्वती धक्क्यावर येऊन उभी राहिली.

शिवदास धावत आले. "माझ्या बोटीचं इंजिन खोललंय, ती वाळूवर पडलीय. पण दोन बोटी तयार हायत. उजेड हाय तवर शोधायला सोडतो."

"थांबा काका." प्रज्योतनं फोनवर लहूंच्या बोटीचा नंबर टाकला. निळ्या पडद्यावर लाल ठिपका उमटला. तो धक्क्याकडेच सरकत होता. "हे बघा, येतायत बाबा. या वाऱ्यात उगाच पोरांचा जीव कशाला धोक्यात घालता?"

"नक्की ना रे?"

"माझ्या बापाचा प्रश्न आहे काका. मी उगाच बोलेन?"

शिवदासांनी बोटी पुन्हा बांधायला लावल्या.

मढच्या खडकांजवळ ठिपका थांबला. पार्वतीनं लेकाचं मनगट घट्ट धरलं. वीस मिनिटं तो हलला नाही. मग पुन्हा चालू लागला.

"पंख्यात जाळं अडकलं असंल," ती हसली. "मागल्या साली पण तिथंच अडकलं व्हतं. शिकायचं नाव नाय या माणसाला."

सगळे हसले. प्रज्योतला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. कुणीतरी चहा आणला. शिवदासही मघापासून चष्मा चढवून आपल्या फोनशी खेळत होते.

साडेसहाला ठिपका धक्क्याला लागला. प्रज्योतनं मान वर केली. समोर पाणी होतं, नुसतं पाणी. अंधारून आलं होतं.

"कुठं हाय रं?" पार्वतीनं विचारलं.

त्यानं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ठिपका धक्क्यालाच होता.

शिवदासांनी आपला फोन पुढे केला. त्यांनी सहज स्वतःच्या बोटीचा नंबर टाकून पाहिला होता. इंजिन खोलून वाळूवर पडलेली ती बोटही पडद्यावर, मढच्या खडकांजवळ वीस मिनिटं थांबून, आत्ताच धक्क्याला लागली होती.