घेऊन जा गे सांता

पहिला फटका सांताच्या गुडघ्यावर बसला. मारणारा सोनू जेमतेम साडेतीन वर्षांचा. नाकाला शेंबूड, चड्डी घसरलेली. पण नेम पक्का.

सांता म्हणजे ऋतिक. एरवी तो याच पोरांना ऑटोत कोंबून मुकुटबनच्या या नर्सरीत आणून सोडायचा. नर्सरी त्याच्या ताईची, प्रेरणा मॅडमची. आज ताईने त्याला लाल झगा चढवला, पोटावर जुन्या गादीचा कापूस बांधला, गालांना कुंकू फासलं, कापसाची दाढी डकवली, हातात सांताचं पोतं दिलं आणि बजावलं, "बोलाचं नाही. लेकरं तुहा आवाज ओळखतात. पुतळ्यावानी बसून राह्य फक्त."

ऋतिक थर्माकोलची हरणं जोडलेल्या हातगाडीवर पुतळ्यावानी बसला. घोळ तिथेच झाला.

कारण कापूस भरलेलं, तोंड रंगवलेलं, गाडीवर गुपचूप बसलेलं असलं ध्यान पोरांनी याआधी एकदाच पाहिलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी गाव मारबत काढतं. कागदा-चिंध्यांच्या त्या बाईच्या माथी सगळी इडापिडा घालायची, बडवत बडवत तिला शिवेबाहेर न्यायचं आणि पेटवून द्यायचं. त्यामुळे प्रेरणा मॅडम पालकांपुढच्या ठेवणीतल्या मराठीत "मुलांनो, सांताला सांगा बरं, काय काय हवंय?" असं म्हणाल्या, तेव्हा सोनू बेंबीच्या देठापासून ओरडला, "मच्छर घेऊन जा गे मारबत!"

आणि हाणली.

काठ्याही मॅडमनीच वाटलेल्या. ख्रिसमसची गोड काठी म्हणून तुराट्यांना लाल-पांढरा कागद गुंडाळला होता. वाळलेली तुराटी चुलीत चांगली जळते, कुडाला चांगली टिकते आणि गुडघ्यावरही चांगली लागते, हे ऋतिकला आता कळलं.

"खोकला घेऊन जा गे मारबत!" पाठीत.

"दुधावरची साय घेऊन जा गे मारबत!" कानाखाली.

"माहा लहान भाऊ घेऊन जा गे मारबत!" ही परी झालेली पोरगी होती. हात नीट उचलता येईना म्हणून तिने आधी पंख काढून बाजूला ठेवले.

हरणांची शिंगं गेली. एकाने सांताच्या आत कागद आहे का हे बघायला त्याचा अंगठा चावला. "रक्त निंघालं," त्याने बाकीच्यांना कळवलं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

"जाळाची कवा?" मागून एक बारीक आवाज आला. दोघं केकच्या टेबलाकडे माचिस आणायला निघाले. प्रेरणा त्यांच्यामागे धावली.

खिडकीबाहेर आईबाप मोबाइल धरून हसून हसून वाकडे झाले होते. सगळ्यांत पुढे श्रीकृष्णराव. तालुक्याच्या हापिसात साहेब, शिस्तीचा माणूस, आणि नर्सरीची जागा त्यांची. "यंदा पाहू, मग पुढचं ठरवू," असं त्यांनी प्रेरणाला सांगून ठेवलं होतं. साहेब हसत होते तोवर नर्सरी होती. दाढी खाली ओढून "अबे, मी हाओ ना, ऋतिकदादा" एवढं म्हटलं असतं तर ऋतिक सुटला असता. पण साहेब म्हणाले, "वा! हाणा अजून!" आणि ऋतिकने दुसरा गुडघा पुढे केला.

मग नलू आली. साहेबांची पोरगी, आज मेंढी झालेली. ऑटोत ती पाठ न टेकता बसायची. तिला तसंच आवडत असेल, असं ऋतिकला वाटायचं. एवढ्या धुमश्चक्रीत ती एकटीच रांगेत उभी होती. तिने हाणलं नाही. काठी खाली ठेवली, हात जोडले आणि दाढीला तोंड लावून हळूच म्हणाली, "पप्पाचा पट्टा घेऊन जा गे मारबत."

तेवढ्यात सोनूने डोक्यात एक जोरात घातली. ऋतिकला ती लागलीच नाही.

सांता उठला. मारबत उठते हे कोणीच पाहिलेलं नव्हतं. पोरं किंचाळत भिंतीला चिकटली. तो लंगडत खिडकीशी गेला, हातातल्या पोत्याचं तोंड उघडलं आणि चावलेल्या अंगठ्याने श्रीकृष्णरावांच्या कमरेकडे खूण केली.

"अवो मा! पट्टा मांगून राह्यला थो!" विमलताई नातवाला कडेवर घेऊन खिदळल्या. "द्या ना साहेब, लेकरायचा खेळ हाय!"

सगळे मोबाइल साहेबांकडे वळले. साहेब हसले. मग त्यांनी दाढीवरचे डोळे पाहिले आणि जरा कमी हसले.

"पुरे आता. हा काय चावटपणा?"

सांता हलला नाही. त्याच्यामागे भिंतीपासून पोरं एकेक करून सुटी झाली आणि तुराट्या जमिनीवर आपटू लागली. "घेऊन जा गे मारबत! घेऊन जा गे मारबत!"

"द्या, द्या!" बाहेरचेही ओरडू लागले.

श्रीकृष्णरावांनी बक्कल काढलं. पट्टा सर्रकन बाहेर आला आणि पोत्यात पडला. लोकांनी टाळ्या पिटल्या. साहेबांना टाळ्या वाजवता आल्या नाहीत. एक हात पँटीला अडकला होता. जप्त केलेली माचिस मुठीत धरून प्रेरणा दारात पांढरीफटक उभी होती. "ऋत्या," ती पुटपुटली, "काय करून राह्यला रे तू?"

नलू पोत्यापाशी आली. वाकून आत पाहिलं. हात घालून बक्कल चाचपलं. मग सांताचा झगा ओढला.

"हा हापिसचा हाय," ती म्हणाली. "माराचा घरी हाय."