उपासाला चालणारी गोळी

स्पीकरवर "आता वरच्या आळीचा संघ" असं पुकारलं, तरी सून दुखण्याची गोळी धरलेली मूठ काही उघडेना. गोदाक्कांनी डोळे वटारले. मंगळागौरीच्या स्पर्धेत फुगडीला आजवर त्याच पुढे असायच्या, आणि आज नेमका गुडघा ठणकत होता.

"आत्याबाई, सकाळी एक घेतलीत, तीही उपाशीपोटी. गेल्या श्रावणात रक्ताची उलटी झाली ती याच गोळ्यांनी."

"मेडिकलात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय चणेफुटाण्यासारख्या मिळतात, त्यांनी काय होतंय? आणि गोळी उपासाला चालते."

"उपासाला चालते, पोटाला नाही. गोळीनं गुडघा गप्प बसतो, बरा होत नाही. मी देणार नाही."

सासूसमोर कधी मान वर न केलेली ही गोगलगाय आज नजरेला नजर देऊन उभी होती. गोदाक्कांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी स्वतःचा खोचलेला पदर सोडून सुनेचा पदर खोचला.

"मग उभी काय राहिलीस? जा, पुढं हो. माझ्याशी भांडलीस तशी फुगडी घाल."

सून फुगडीत गरगर फिरू लागली, तशा गोदाक्का खुर्चीतूनच ओरडल्या, "खालच्या आळीच्या बायांनो, नीट बघून घ्या, माझ्या हाताखालची आहे!"