खंडेनवमीचं कुंकू

“या काचेवर कुंकू कुणी लावलं?” तपासनीस साहेब खेकसले.

“मीच. खंडेनवमीला,” सगुणामावशी म्हणाल्या. सगळे आपापली अवजारं पुजतात; प्रसूतिगृहातल्या आयाबाईंनी काय पुजावं? म्हणून त्यांनी बाळांच्या खोलीबाहेरचा, आग विझवायचा लाल सिलिंडरच पुजला होता.

साहेबांनी गोल काच पुसली. आतला काटा लाल पट्ट्यावर टेकलेला. “हा रिकामा आहे, मावशी. कुंकवाखाली कुणाला दिसलंच नाही.”

मावशींनी दारातून आत पाहिलं. खोलीत बारकी बारकी बाळं निजली होती.

साहेबांचा आवाज उतरला. त्यांनी गाडीतून आणलेला भरलेला सिलिंडर भिंतीवर बसवला, दुसरा मावशींच्या हाती दिला. “चला अंगणात. नुसती पूजा पुरे झाली, आता चालवा.”

साहेबांनी पाचोळा पेटवला. मावशींनी पिन ओढली, नळी जाळाच्या बुडाशी धरली आणि दांडी दाबली. पांढऱ्या भुकटीखाली जाळ गपकन विझला. व्हरांड्यातल्या बाळंतिणींनी टाळ्या पिटल्या.

“आता पुन्हा कुंकू लावाल?” साहेब हसले.

“लावणार की! पण पोटाला. त्याचा डोळाच लिंपला मी, आणि वर त्यालाच सांगत बसले, बाळांवर नजर ठेव!”