दादाचा फेरफटका

दादाने घण उचलला आणि थेट डिकीवर घातला. शेडचे पत्रेसुद्धा दणाणले. दुसरा घाव बसायच्या आत धाकट्याने झेप घेतली आणि दोघे भाऊ जुन्या टायरांच्या ढिगावर कोसळले.

बाबा गेले, मागे ही गाडी राहिली. तेव्हापासून धाकटा तिच्यापायी वेडा झाला होता. त्याआधी त्याने साधं सायकलचं पंक्चरही काढलं नव्हतं. पण भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून त्याने इंजिन चालू केलं, सीटा नव्याने शिवून घेतल्या, पत्र्याचे पोचे आतून ठोकून बाहेर काढायला शिकला. आता फक्त डिकी आणि रंग राहिला होता. काल त्याने मोठ्या हौसेने दादाला फोन केला, की गाडी तयार झाली की पहिला फेरफटका तुझ्या पोराला. आणि आज दादा, जो एवढ्या महिन्यांत शेडकडे फिरकला नव्हता, तो घण घेऊन हजर. बोनेटला हात लावला नाही, काचांकडे पाहिलंही नाही.

धाकट्याने हाताला लागला तो पाना हाणला. दादाची भुवई फुटली. दादाने त्याचं डोकं धरून जमिनीवर आपटलं. चाळिशी ओलांडलेले दोन बाप्ये, पण तेलात आणि रक्तात लोळत एकमेकांना गुद्दे घालत राहिले. शेवटी धाकटा दादाच्या छातीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी गळा आवळला.

"बाबांनी यातून तुलाच फिरवलं. मला एकदाही नाही. आणि मोडायला तूच आलास?"

दादाने धडपड सोडून दिली.

"फिरवलं. खरं आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि चक्क हसला.

ते हसू पाहून धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा सल लहानपणापासूनचा. एकदा चेंडू मारून गाडीचा आरसा फोडला धाकट्याने, आणि दादा पुढे होऊन म्हणाला, मी फोडला. बाबा ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, चल, जरा फिरून येऊ. धाकटा फाटकाशी भोकाड पसरून उभा. गाडी समोरून गेली तेव्हा दादाने टाटा करायलासुद्धा खिडकीत डोकं दाखवलं नाही, इतका शिष्ट. रात्री जेवलाही नाही. बाहेर चांगलंचुंगलं हादडून आला असणार, यात धाकट्याला शंका नव्हती. पुढेही हेच. खोडी कुणाचीही असो, फिरायला दादा.

शेवटी हात दुखले म्हणून धाकट्याने गळा सोडला. तोंडातलं रक्त थुंकून तो डिकीपाशी गेला. घणाने पत्रा चांगलाच आत गेला होता आणि भोवती रंगाखाली भरलेल्या जुन्या लांबीचे, म्हणजे पुटीचे, टवके उडाले होते. त्याने झाकण उघडलं, हातोडा घेतला आणि पोचा काढायला आत वाकला. हातोडा उगारलेलाच राहिला.

लांबी उडाली होती तिथे पत्र्याला टेंगळं होती, बाहेरच्या बाजूला आलेली. कुणीतरी ती वरून ठोकून बसवली होती, लांबी थापून झाकली होती आणि वर रंग मारला होता. पत्र्याला असं टेंगूळ आतून मार बसल्याशिवाय येत नाही, एवढं तर तो आता शिकलाच होता. त्याने खालून हात फिरवला. खळगे जोडीजोडीने होते. प्रत्येक जेमतेम लहान मुलाच्या टाचेएवढा.

त्याने हातोडा खाली ठेवला. दादा टायरांवर बसून बाहीने भुवई दाबत होता. धाकटा त्याच्यासमोर जाऊन बसला.

"दादा, तो आरसा मी फोडला होता. तू कशाला स्वतःवर घेतलंस?"

दादाने बाही काढून रक्त थांबलंय का ते पाहिलं.

"तू अंधाराला घाबरायचास."