कालपासून बंद गाडी

"काय मेव्हणेबुवा, आज इकडे कुठे वाट चुकलात?" भावोजींनी मोटरसायकल फाटकाशी लावली आणि हेल्मेट काढलं. घामाने नुसते निथळत होते.

गाड्या दुरुस्त करणारा त्यांचा धाकटा मेव्हणा, सगळे त्याला मेस्त्रीच म्हणत, अवजारांची पेटी घेऊन नुकताच फाटकाशी पोचला होता. "ताईचा फोन लागत नाही कालपासून. म्हटलं, बघून यावं."

"मैत्रिणीकडे गेलीये. रात्री जरा फुगली आणि निघाली तरातरा. येईल राग उतरला की." भावोजींनी शेडचं दार उघडलं. "आलाच आहेस तर आतली चारचाकी बघ. काल सायलेन्सरच्या तापमानाचा दिवा पेटला होता. सेन्सर गेला असणार."

मेस्त्रीला ते पटेना. रुसून घर सोडणारी बाई नव्हती ताई. मागच्याच आठवड्यात फोनवर कुजबुजली होती, "मला यांची भीती वाटते रे. एक दिवस माझं काहीतरी करून टाकतील." आणि या शहाण्या भावाने काय सांगावं? जरा सबुरीनं घे म्हणाला! आता तेच शब्द त्याला खात होते.

"शेवटची कधी चालवली?" त्याने गाडीला तपासणीचं मशीन जोडत विचारलं.

"काल संध्याकाळी. त्यानंतर कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

रात्रभर उभ्या गाडीच्या सायलेन्सरची नळी हवेइतकीच गार असते. आकडा पंचवीस-तीस अंश यायला हवा होता. आला एकशे ऐंशी.

"बघ! म्हटलं नव्हतं, सेन्सर गेलाय?" भावोजी लगेच म्हणाले.

दुसरा कुणी असता तर नवा सेन्सर बसवून मोकळा झाला असता. पण मेस्त्रीची खोडच अशी, की पार्ट बाद म्हणण्याआधी त्याची परीक्षा घ्यायची. हातमोजे चढवून तो गाडीखाली शिरला, सेन्सर खोलला आणि वायर तशीच ठेवून पाण्याच्या मगात बुडवला. आकडा सरसर उतरला आणि सव्वीसवर थांबला. परत नळीत बसवला, तर पुन्हा चढू लागला.

सेन्सर ठणठणीत होता.

त्याने हातमोजा काढून नळीला बोट लावलं. चांगलाच चटका बसला. गाडी आत्ता, अगदी थोड्या वेळापूर्वी चालू होती. अरे देवा! मग हा माणूस खोटं का बोलतोय? ताईला गाडीत घालून कुठे नेलं याने?

तो गाडीखालून बाहेर आला. त्याने भावोजींची कॉलर धरली.

"सेन्सर खोटं बोलत नाहीये, तुम्ही बोलताय! इंजिन आत्ता चालू होतं. नळी भाजतेय अजून. कुठे नेऊन टाकलंत माझ्या ताईला?"

भावोजी चक्रावले. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. त्यांना खरोखरच काही कळत नव्हतं.

"काहीतरीच काय! मैत्रिणीकडे नाहीये ती, हे खरं. पण मी तर उजाडल्यापासून मोटरसायकलवर तिलाच शोधतोय. स्टँड पालथा घातला, तुझ्या गॅरेजवरही जाऊन आलो."

त्यांनी कॉलर सोडवली, वाकून नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग सावकाश उभे राहिले. शेडमधून घरात उघडणाऱ्या दाराकडे त्यांची नजर गेली, आणि कपाळावरच्या आठ्या एकेक करून मावळल्या.

"म्हणजे मी फाटकाशी आलो तेव्हा तुझी ताई गाडी चालू करून निघायच्याच बेतात होती, मला बघून घरात लपलीये," ते हळूच म्हणाले. "शाब्बास, मेव्हणेबुवा."

आणि मेस्त्री भानावर यायच्या आत त्यांनी घरात शिरून दाराला पलीकडून कडी घातली.