दुकानदाराची हाक

मुलुंडला सकाळचे सहा वाजले होते आणि श्यामकांत कानाला फोन लावून कॅनडातल्या एका शोरूममध्ये घासाघीस करत होते. त्यांची सई तिथे स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरची स्कूटर, घेत होती, आणि डीलरने छापील किमतीवर वाहतूक, जुळणी, कागदपत्रं असं करत बाराशे डॉलर चढवले होते.

"ऊठ आणि चालू लाग," श्यामकांत म्हणाले. "दारापर्यंत पोचायच्या आत हाक मारतो की नाही बघ. अख्खं घर असंच भरलंय मी."

सई निघाली. दार ओलांडलं, तरी हाक नाही.

"बाबा, बाहेर उणे पंचवीस आहे."

श्यामकांतांचा धीर सुटला. "जा गं परत. म्हणावं, घेते त्याच किमतीला."

"गप रे बाबा. बसस्टॉपपर्यंत तरी जाते."

मिनिटभर फोनवर नुसता बुटांखालचा बर्फ करकरत राहिला. मग लांबून कुणीतरी धापा टाकत ओरडलं, "मॅम! मॅम!" बाराशेचे तीनशे झाले.

फोन ठेवून श्यामकांतांनी चहा गाळणाऱ्या बायकोकडे पाहिलं. "नीला, मुलगी कोणाची!"

"तुमची? फ्रिज घेताना कुठे आली होती हाक? सोफ्याच्या वेळी? दोन्हीदा तुम्हीच मुकाट्याने परत गेलात."

"तेच तर सांगतोय," श्यामकांतांनी चहाचा कप उचलला. "आपल्या घराण्यात पहिल्यांदाच आलीय."