एप्रिलचा गॅस

साबणाच्या फेसात एक बुडबुडा उमलला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. ऋतिकाने ब्रश बाजूला ठेवला. गळती पाच मिनिटांत सापडली होती. एसीच्या बाहेरच्या युनिटला तांब्याची नळी जोडलेली होती, तिथल्या पितळी नटाशी.

तिने फडक्याने फेस पुसला आणि तिचा हात थांबला. नटाभोवती लाल नेलपॉलिशचं कडं होतं. ही तिच्या वडिलांची खूण. गळती सापडली की साईनाथ आधी तिच्याभोवती कडं काढायचे, मग पाना हातात घ्यायचे. बाटली आईची, आणि लाल रंग दरवर्षी आईच्या मर्जीने थोडा बदललेला. इथे एकावर एक तीन लाल चढले होते.

युनिटच्या झाकणाला आतून त्यांनीच चिकटवलेला कागद होता. तारीख आणि काम, असे दोन रकाने. सात वर्षं, दरवर्षी एप्रिल, आणि कामाच्या रकान्यात दरवर्षी दोनच शब्द. गॅस भरला.

गॅस संपत नसतो, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तोच गॅस नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला तर कुठून तरी जातोय. ती जागा बंद न करता नुसता गॅस भरून देणाऱ्याला ते मेकॅनिक म्हणत नसत. नोव्हेंबरात ते गेले. तेव्हापासून ऋतिका त्यांच्या गिऱ्हाइकांकडे एकटी जात होती, आणि ‘तुझ्या बाबांसारखा सरळ माणूस नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकून हत्यारांच्या पेटीबरोबर बिबवेवाडीला घरी नेत होती.

आजचे गिऱ्हाईक, गोपाळकृष्णकाका, बाल्कनीच्या दारात उभे होते. आल्याआल्या त्यांनी तिला विचारलं होतं, की हे काम आधी कुठे केलंय, का सुरुवात आमच्यापासूनच.

“काका,” ती नटाकडे बघतच म्हणाली, “बाबांनी ही गळती तुम्हाला दाखवली होती?”

“पहिल्याच वर्षी. असाच फेस लावून.”

“मग बंद का नाही केली?”

“करत होता. मीच पाना काढून घेतला.”

ऋतिकाने मान वळवली.

“अगं, गळती बंद झाली असती तर तो पुन्हा आला असता का? आमच्या सदाशिव पेठेत कामाशिवाय कोणी कोणाकडे जात नाही. गेलंच, तर दारातच विचारतात, काय काम काढलंत.”

साईनाथ भांडला होता, त्यांनी सांगितलं. गॅस असा हवेत सोडणं बरं नव्हे म्हणाला, तुम्ही मला खोटं काम करायला लावताय म्हणाला. दुसऱ्या वर्षी पुन्हा कडं काढलं, पुन्हा पाना काकांच्या हातात. तिसऱ्या वर्षीही. चौथ्या वर्षी आला तो सरळ गॅस भरून आत येऊन बसला. नुसतं येऊन बसायची त्यालाही लाजच वाटायची.

काका आत गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात वर्तमानपत्रांतून कापलेली शब्दकोडी होती. प्रत्येकात चारदोन घरं रिकामी. वर्षभर न सुटलेली ते साईनाथसाठी ठेवत. या वर्षीचीही ठेवली होती.

“भरलेला गॅस बसायला दोन तास लागतात म्हणायचा,” काका म्हणाले. “लागतात का?”

पाच मिनिटंही लागत नाहीत.

“लागतात,” ऋतिका म्हणाली.

सकाळपासून पहिल्यांदाच तिला हसू आलं. ते लपवायला ती पेटीत वाकली. मग तिने सांगितलं, की ती ही गळती आज बंद करणार आहे. काकांनी क्षणभर तिच्या हातातल्या पान्याकडे बघितलं आणि हात मागे बांधले.

“कर. त्याचंही तेच म्हणणं होतं.”

तिने उरलेला गॅस युनिटमध्ये ओढून बंद केला. नळीचं टोक कापून नवं केलं, नवा नट बसवला. तीन लालांचा जुना नट खिशात गेला. पंप लावून नळ्यांतली हवा काढली, कॉक बंद केला आणि दाब दाखवणारं गेज काकांना दिसेल असं ठेवलं. आता अर्धा तास सुई हलता कामा नये.

अर्धा तास दोघं डब्यापाशी बसली. ऋतिकाला तीन शब्द सुटले. साईनाथ एवढ्या वेळात पाच सोडवायचा, हे काकांनी न विचारता सांगितलं. चहा मात्र त्यांनी दोनदा केला.

सुई हलली नाही. तिने कमी पडलेला गॅस वजन करून भरला आणि एसी सुरू केला. खोलीत गारवा आला. काका एसीखाली उभे राहून वर बघत होते, कोणी न मागितलेली वस्तू हातात ठेवल्यासारखे.

“म्हणजे आता हा बरीच वर्षं चालणार.”

“चालेल.”

ती पुन्हा बाल्कनीत गेली. कागदावर वडिलांच्या अक्षराखाली आजची तारीख घातली आणि पुढे लिहिलं, गळती बंद केली. गॅस भरला. मग त्याखालच्या ओळीत पुढच्या एप्रिलची तारीख घातली आणि पेनला टोपण लावलं.

काका चष्मा लावून मागून वाचत होते.

“काम लिहायचं राहिलंय,” ते म्हणाले.

ऋतिकाने झाकण लावलं आणि चारही स्क्रू घट्ट केले.